धोंड्याच्या महिन्यातलं मागणं

धोंड्याचा महिना. सासूबाईंनी मला पाटावर बसवून ओवाळलं, तेहतीस अनारशांचा डबा पुढ्यात ठेवला आणि विचारलं, “जावईबापू, चांदीचा पेला देऊ की अंगठी?”

“आई, ट्रॉलीभर ताजं शेण द्या.”

निरांजन हातातच राहिलं. “गटारात काम करून डोकं फिरलं का तुमचं?”

मी समजावलं. वादळाने दोन दिवस वीज नव्हती. आमच्या सांडपाणी प्रकल्पातल्या टाकीला हवा मिळाली नाही आणि घाण खाणारे जिवाणू मेले. नवे वाढवायला शेण लागतं, गूळ लागतो. नाहीतर अख्ख्या शहराची घाण नदीतून तुमच्याच घाटावर येईल.

घाटाचं नाव काढताच त्यांनी पदर खोचला. शेण भरून ट्रॅक्टरवर स्वतः बसून आल्या. टाकीत शेण पडलं, गूळ पडला. मग त्यांनी अनारशांचा डबाही उपडा केला. “लेकरांनी उपाशीपोटी राबायचं होय?”

आता घाटावरचं पाणी नितळ आहे. तरी रोज सकाळी त्यांचा फोन येतो.

“मी बरा आहे, आई.”

“तुमचं राहू द्या हो. ते जेवले का?”