भिंतीपलीकडचा डाव

"मी आधी! मी आधी म्हणालो!" पलीकडच्या खोलीत मानसिंग ओरडला आणि कॅरमची सोंगटी खाडकन आपटली.

विरुपाक्षनं मुठीनं भिंतीवर धडाधडा ठोकलं. मग पुस्तकात तोंड खुपसून आवाज आणखी चढवला. भिंत तरी कसली? मोठ्या हॉलमध्ये घातलेली पडदी, वर कौलांपर्यंत पोचतही नव्हती. सोलापुरातल्या त्या हॉस्टेलात एकाला शिंक आली की तिसऱ्या खोलीतला विचारायचा, "सर्दी झाली काय रं?"

चौऱ्याहत्तर साल होतं ते. विरुपाक्षचं घर गावातच, भवानी पेठेत. घरात चार माग, दिवसभर खटाक-खटाक. तिथं 'पाणी दे' म्हणायचं तरी ओरडून. आदल्या साली त्याची इतिहासात दांडी उडाली. सगळं पाठ होतं, पण पेपर पुढ्यात आला आणि डोकं कोरं झालं. वडील, ईरप्पा, म्हणाले, "ह्या गोंगाटात कसलं शिकणं? हॉस्टेलात ऱ्हा. अवंदा बी नापास झालास तर गुमान मागावर बसायचं." आणि ईरप्पा एकदा बोलले म्हणजे बोलले. विरुपाक्षला मागाचं वावडं नव्हतं. पण त्याला मास्तर व्हायचं होतं, अगदी लहानपणापासून.

शेजारी बार्शीचा मानसिंग आणि केमचा जोतीराम. दोघंही त्याच्याच वर्गात. पहिल्याच आठवड्यात बोलवायला आले होते, "ये की रं, एक डाव टाकू." "मला अभ्यास हाय," म्हणून ह्यानं दार लावून घेतलं. खरं सांगायचं तर जायचं त्याच्या लई मनात होतं. पलीकडचं हसणं ऐकलं की स्वतःची खोली खायला उठायची. पण लगेच माग आठवायचा. ते दोघं पुन्हा बोलवायला आले नाहीत.

एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात गेली होती. ह्यानं पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली की पलीकडं नेमका गलका. आपल्याच आवाजात त्याला त्यातले शब्द कळायचे नाहीत, नुसता आरडाओरडा कळायचा. ह्यानं पुस्तक मिटलं की तिकडं चिडीचूप. म्हणजे मुद्दामच की! परीक्षा तोंडावर आली तसा तो रेक्टरांकडं गेला.

रेक्टर कॉलेजात इतिहासच शिकवायचे. "तू जाऊन वाच," ते म्हणाले. "मी येऊन बघतो."

विरुपाक्ष वाचायला बसला. गलका सुरू झाला. थोड्या वेळानं दार उघडलं, पण पलीकडचं नाही, त्याचंच. रेक्टर कानावर हात ठेवून उभे.

"अरे बाबा, खाली जिन्यापर्यंत एकच आवाज येतोय, आणि तो तुझा! मनात वाच. आणि ए पलीकडचे, कॅरम बंद!"

विरुपाक्षला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण ओरडतो हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. घरात सगळेच ओरडायचे.

दुसरा दिवस शांततेत गेला. हवी होती ती शांतता मिळाली होती. ओठ मिटून तो पानं उलटत राहिला आणि डोक्यात काही म्हणजे काही शिरेना. पलीकडंही हूं नाही की चूं नाही. आता हे दोघं आपलं तोंडसुद्धा बघायचे नाहीत, असं वाटून त्याला रडू यायला लागलं.

संध्याकाळी जेवणाच्या आधी दारावर थाप पडली. मानसिंग आणि जोतीराम. आता हाणतात, असं वाटून विरुपाक्ष उठून उभा राहिला.

"काय रं, कालपास्नं तोंडाला कुलूप का लावलंयस?" मानसिंग म्हणाला. "सरांनी कॅरम बंद केलं. तू का बंद पडलास? परवा पेपर हाय की!"

"म्हंजे?"

"अरं, आमच्यापाशी पुस्तक कुटं हाय?" जोतीराम हसायला लागला. "हुतं ते ह्या बहाद्दरानं इकून पिक्चर बघितला. तू 'कारण पहिलं' म्हणलास की तू वाचायच्या आत आमी सांगायचं. जो आधी सांगंल त्याचा डाव. निम्मा इतिहास तुझ्या आवाजावर पाठ झालाय आमचा."

विरुपाक्ष बघतच राहिला. "मग मला का न्हाई बोलवलं?"

"बोलवलं हुतं की. तूच दार लावलंस."

विरुपाक्ष पुस्तक घेऊन त्यांच्या खोलीत गेला. मानसिंगनं ते पुस्तक मिटून कॉटवर टाकलं, पलंगाखालचं कॅरम बाहेर ओढलं आणि विचारलं, "सत्तावनचा उठाव का फसला?"

"एक पुढारी नव्हता!" जोतीराम.

"शस्त्रं कमी पडली!" मानसिंग.

"सगळा देश उठला नाही!" विरुपाक्ष म्हणाला आणि स्वतःच चकित झाला. पुस्तक मिटलेलं होतं, तरी डोकं कोरं नव्हतं. जोतीरामनं स्ट्रायकर त्याच्या हातात दिला. तिघंही खिदळत होते, तेवढ्यात दार उघडलं.

रेक्टर. तिघं ताडकन उभे राहिले. रेक्टरांनी पसरलेल्या सोंगट्यांकडं बघितलं, मग मिटलेल्या पुस्तकाकडं. ते बराच वेळ बाहेर उभे असावेत.

"आणि चौथं कारण?"

जोतीरामनं मानसिंगकडं बघितलं. मानसिंगनं कौलांकडं.

"तारायंत्र इंग्रजांच्या हातात होतं!" विरुपाक्षनं सांगितलं, आणि भवानी पेठेत चारी माग चालू असताना सांगावं तसं सांगितलं.

रेक्टरांनी कान चोळला.

"हां," ते म्हणाले. "आता पेपरातपण एवढ्याच मोठ्यानं लिही."