खडखडाट थांबला तेव्हा

कॉलर उलटी बसली होती, चूक तिचीच होती. शिवणकारखान्याचा मास्तर तिच्या कानाशी वाकला आणि नेहमीसारखा बरसला, “डोळे गहाण टाकलेस का गं? तुझ्यापेक्षा दगड बरा!” शिलाई मशिनांच्या खडखडाटात इतरांना काही ऐकू जात नसे, म्हणून तर त्याची जीभ अशी सैल सुटायची. आज कामाचा शेवटचा दिवस, असं तिने मनाशी पक्कं केलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या काज करणाऱ्या मावशींनी आपलं मशीन बंद केलं. मग शेजारणीने केलं. बघता बघता सगळी खोली चिडीचूप झाली.

“बोला ना मास्तर,” मावशी म्हणाल्या, “आता आम्हालाही ऐकू येईल.”

“कॉलर उसवून पुन्हा लावा, बाई,” एवढंच पुटपुटून मास्तर निघून गेला.

सुटी होताच तिने मावशींचे हात धरले. “देवासारख्या धावून आलात हो!”

मावशींचे डोळे भरले. “मी कसली गं देव! तुझ्याआधी या खुर्चीवर एक पोरगी बसायची. तिच्याही कानाशी तो असाच वाकून बोलायचा, आणि मी मान खाली घालून काजं करत राहायची. एक दिवस ती यायचीच बंद झाली. तू उद्या ये, बाळा. म्हणजे देवापुढे हात जोडताना मला लाज वाटणार नाही.”