येऊ दे पोरी!

“मी लावून देऊ का?” शेजारच्या अमेरिकन माणसाने विचारलं. राष्ट्रीय उद्यानाजवळच्या उंच डोंगरावरच्या कॅम्पमध्ये शलाकाला आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली घराएवढी गाडी, रिव्हर्स घेऊन लावायची होती, आणि मागे दरी होती.

“राहू दे म्हणावं त्याला,” मफलर आवळत तात्या म्हणाले. शलाकाचे वडील ते, एसटीतले निवृत्त कंडक्टर. गाडीमागे जाऊन त्यांनी पत्र्यावर थाप मारली. “येऊ दे पोरी! येऊ दे... डावं मार... बस्स!”

विरळ हवेत त्यांना धाप लागली, पण थाप चुकली नाही. गाडी नेमकी जागेवर बसली. शेजाऱ्याने टाळ्या वाजवल्या.

शलाका उतरून मागे आली आणि थबकली. तात्यांच्या टाचांमागे वीतभर जमीन, मग नुसते ढग.

“तात्या! मी चुकले असते तर?”

“बत्तीस वर्षं गाड्यांमागे उभा राहिलोय गं. ड्रायव्हर बघूनच पाय रोवतो मी.”