पेटीचं झाकण

माझ्या नवऱ्याचा, थाकचा जबडा त्याच्या सख्ख्या भावाने मोडला होता, भातशेताच्या भांडणात. दोन दाढा गेल्या, शेतही गेलं. मरेपर्यंत थाकचा जबडा घासागणिक कट् कट् वाजायचा.

आमच्याकडे मेल्यावर तीन वर्षांनी माणसाची हाडं उकरतात, सुगंधी पाण्याने धुतात आणि मातीच्या पेटीत भरून पुन्हा पुरतात. त्यासाठी तोच भाऊ, माझा दीर लुआन, हनोईहून आला. गाल सुजलेला.

“नवे दात बसवायचेत, वहिनी. जबड्यात हाडच उरलं नव्हतं, म्हणून डॉक्टरने दुसऱ्याचं भरलंय.”

“कुणाचं?”

“असेल कुणा मेलेल्याचं. भुकटी येते बाटलीतून.”

“दुसऱ्याचं पचवायची तुम्हाला सवयच आहे, भावजी.”

उजाडताना शवपेटीचे खिळे आमच्यासमोर काढले. एकेक हाड धूत मी जबड्यापाशी आले. दाढांच्या जागेचं हाड कुणीतरी चमच्याने खरवडून नेल्यासारखं नाहीसं झालं होतं. बाकीचा जबडा मातकट, तिथली कड मात्र ताजी, पांढरीशुभ्र.

हाडं लावणारे बाओकाका खाली मान घालून म्हणाले, “एवढं कमी पडतंय. माणूस पुरा झाल्याशिवाय झाकण लावता येत नाही.”

तेवढ्यात माझ्यामागे आवाज आला. कट् कट्.

मी वळून पाहिलं. लुआन काहीच खात नव्हता.

मी सदऱ्यालाच हात पुसले आणि त्याच्यासमोर जाऊन बसले.

“आ करा, भावजी.”

त्याने दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं. हातांखाली ते आतून उघडत होतं.