पाणी उतरेपर्यंत

व्हाळ ओलांडून यशवंतनं मागे पाहिलं, तेव्हा तारा अजून डोंगराच्याच बाजूला उभी होती. ओढ्याचं पाणी घोट्याएवढं होतं, मधले दगड उघडे होते. सकाळी वर जाताना दोघांनी तो बोलत बोलतच पार केला होता.

"अगो, ये ना," त्यानं हात केला.

तारानं पाऊल उचललं. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "बाये, थांब जरा."

सत्तरीची एक बाई गवताचा भारा घेऊन डोंगर उतरत होती. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, कमरेला कोयता. खाली लाटंबार्से गावात तिचं घर होतं. तिनं भारा टाकला आणि पाण्याकडे बोट केलं. "रंग बघ."

मघापर्यंत तळ दिसत होता. आता पाणी गढूळ तांबडं झालं होतं आणि त्यातून पानं, काटक्या, फेस येत होता.

"पण पाऊस कुठाय?" तारानं वर पाहिलं. झाडांतून ऊन येत होतं.

"हय नाय. वयर डोंगरार पडलो असतलो. पाणी तांबडा झाला काय पाय घालूचो नाय."

तारा मागे सरकली. पाच-सात मिनिटांत मधले दगड एकेक करून दिसेनासे झाले. आवाज वाढला. मग या काठावर साधं बोललेलं त्या काठावर ऐकू जाईना.

पलीकडे यशवंतनं फोन काढून पाहिला आणि परत खिशात ठेवला. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. लहानपणापासून नदीत पोहलेला माणूस. पाण्याची भीती त्याला माहीत नव्हती. त्यानं स्वतःचं मनगट धरून दाखवलं, मग तिच्याकडे बोट केलं. येतो, हात धरून नेतो.

तारानं दोन्ही हात हलवून नको म्हटलं. तो हसला आणि हातातली काठी पाण्यात टेकवून उतरला.

"अहो!" ती ओरडली.

पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं.

"अहो, नको!"

त्यानं दुसरं पाऊल टाकलं. पाणी मांडीला लागलं. तो किंचित कलला, सावरला आणि पुढच्या पावलासाठी काठीनं तळ शोधू लागला.

"यशवंत!"

लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती. उखाण्याशिवाय ते नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. यशवंतनं दचकून वर पाहिलं. हाताची पकड सैल झाली आणि काठी सुटली. पाण्यानं ती आडवी केली, दोन दगडांमध्ये अडकवली आणि मोडली. अर्धी काठी वळणापलीकडे गेली.

तो तिकडे बघत राहिला. मग मागे वळला आणि जपून, एकेक पाऊल टाकत काठावर चढला.

तारा काठापासून मागे आली. ती खडकावर बसली. चंद्रावती, म्हणजे ती म्हातारी, शेजारी टेकली. तिनं विचारलं, "तुमचे घरकार काय ते?"

"होय, माझे यजमान."

"आयकले. बरा झाला."

"तुम्हाला उशीर होत असेल," तारा म्हणाली.

"गोरू हंबारता असतला. हंबारांदे. माझा घर पलीकडेच, तरी मी थांबलंय मा?"

तिनं एक काटकी उचलून पाण्याच्या कडेला चिखलात रोवली. काही वेळानं पाणी काटकीच्याही वर आलं. तिनं मागे जाऊन दुसरी रोवली. तारानं पिशवीतून पोयी, म्हणजे कोंड्याचा गोवेकरी पाव, आणि भाजी काढली. अर्धी पोयी चंद्रावतीला दिली, अर्धी स्वतः घेतली. पलीकडे यशवंत खडकावर बसून दोघींना जेवताना बघत होता. त्यानं पोटावर हात फिरवून दाखवला. ताराला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. तिनं तोंड फिरवलं.

अडीच तास गेले. दुसरी काटकी कोरडी पडली, मग पहिलीही दिसली. तारा उठली.

"अजून नाय," चंद्रावती म्हणाली. "दगड दिसांदेत."

दगड दिसले, तळही दिसू लागला, तेव्हा कुठे चंद्रावती पाण्यात उतरली. ताराला तिनं पिशवी एकाच खांद्यावर घ्यायला लावली. पाय घसरला तर पिशवी सोडून देता यायला हवी. दोघी हात धरून पलीकडे आल्या. मग चंद्रावती पुन्हा जाऊन आपला भारा घेऊन आली आणि न थांबता वाटेला लागली. यशवंतनं मागून हात जोडले. तिला ते दिसले नाहीत.

आता व्हाळाचा आवाज बारीक झाला होता. यशवंत वाकून बुटाची नाडी बांधत होता.

"नाव घेतलंस माझं," तो म्हणाला.

"काय करणार? 'अहो' ऐकूच जात नव्हतं तुम्हाला."

नाडी बांधून झाली होती, तरी तो उठला नाही.

"जात होतं," तो म्हणाला. "दोन्ही वेळा."