हाफपँटमधले काका

इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी छाप पाडायची म्हणून मी माणिकपूरच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये तासभर आधी पोचले. फोनवरच निवडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "नंबराशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही." मी टोकनं वाटली. एवढ्यात हाफपँटमधले एक काका थेट आत निघाले. मी दारात आडवी झाले. "अगं, मीच डॉक्टर!" "काका, सगळे हेच सांगतात." त्यांनी आशेने रांगेकडे पाहिलं. रोज ताटकळणाऱ्या विनयाकाकू गंभीरपणे म्हणाल्या, "आम्ही नाही बाई ओळखत यांना." काका टोकन घेऊन बसले. डॉक्टर आल्याशिवाय रांग हलेना, रांग हलल्याशिवाय काका आत जाईनात. अखेर कंटाळून विनयाकाकूंनीच आपला पहिला नंबर त्यांना दिला. आत जाऊन काकांनी पांढरा कोट चढवला. मी गुपचूप पर्स उचलली. डॉक्टरांनी हाक मारली, "उद्या किती वाजता आलो तर पहिला नंबर मिळेल?"