एका दाण्याचा कायदा

डॅमरिस घेवडा निवडत बसली होती, तेव्हा चर्चचे डीकन एनॉस प्रॅट आत आले. टोपी त्यांनी नेहमीसारखी कानांवरून खाली ओढलेली होती. प्रार्थनेच्या वेळीही ती ते काढत नसत, आणि कुणी त्यांना काढायलाही सांगत नसे.

"दुपारी सभा आहे, भगिनी," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "अजूनही सांगतो. चुकले म्हण आणि विषय मिटव."

"काय चुकलं माझं, डीकन? चार बायका माझ्या चुलीपाशी बसून प्रार्थना करतात, एवढंच ना?"

"पाळकांशिवाय करतात. वर तू त्यांना सांगतेस, देव ज्याच्या त्याच्या मनाशी बोलतो, मध्ये कुणी लागत नाही."

"इंग्लंडात बिशपला तुम्ही हेच सांगितलं होतंत ना?"

डीकनचा हात टोपीकडे गेला. त्या टोपीखाली कान नव्हते. बिशपच्या माणसांनी ते भर चौकात कापले होते.

"बाजाराचा दिवस होता," ते म्हणाले. "आमच्या पंथाची कितीतरी माणसं गर्दीत होती. एकाच्याही तोंडून 'नको' निघालं नाही."

टोपी त्यांनी आणखी खाली ओढली. मग आवाज चढवून म्हणाले, "आज सभेत मी तुझ्याविरुद्ध बोलणार आहे. कडक बोलणार आहे. मागून म्हणू नकोस, सांगितलं नाही."

"बोला की. बोलण्यात तुमचा हात कोण धरणार?"

डीकननी सुपाकडे पाहिलं. "हा ठिपक्यांचा घेवडा कुठला?"

"नदीपलीकडच्या वाम्पानोआग जमातीच्या बाईनं बी दिलं. आणखी कुणाकडे नाही. गावात सगळ्यांचा तांबडा, आणि पांढरा काय तो तुमच्या परड्यात. पण तुमचा पांढरा या शनिवारी चुलीवर ठेवला तर पुढच्या शनिवारी शिजतो म्हणे!"

डीकन हसले नाहीत. पाळण्यातल्या पोराकडे एकदा पाहून ते निघून गेले.

जेवणाच्या वेळी तिचा नवरा जोथम कारखान्यातून आला. तो लाकडी पिंपं बनवी. बायका चुलीपाशी जमू लागल्यापासून त्याला कुणी नवं पिंप सांगितलं नव्हतं.

डॅमरिसने एक टपोरा दाणा निवडून त्याच्या तळहातावर ठेवला. "अहो, हा घ्या."

त्याने मूठ मिटली. कशासाठी, ते त्याला सांगावं लागलं नाही. समुद्र ओलांडताना जहाजातच सगळ्यांनी कायदा केला होता. एका बिशपच्या शब्दावर आपल्याला देश सोडावा लागला. इथे कुणालाही हाकलायचं तर प्रत्येक पुरुषाचा होकार हवा. ज्याने त्याने घरून दाणा आणायचा आणि बंद मुठीने झाकलेल्या वाडग्यात सोडायचा. मक्याचा दाणा म्हणजे हाकला, घेवड्याचा म्हणजे राहू द्या. शेवटी राखणदाराने वाडग्यात न बघता, नुसतं हाताने चाचपून मोजायचं. घेवड्याचा एक जरी निघाला, तरी माणूस राहिला.

"सगळ्यांना कळणार, मीच टाकला म्हणून," जोथम म्हणाला.

"कळू दे ना! हाकललं तर अंधार पडायच्या आत मला नदीपलीकडे जावं लागेल. एवढ्या बर्फात. आणि पोर इथेच ठेवायचं, असं पाळकांनी आधीच सांगून ठेवलंय." तिने त्याची मूठ दाबली. "एक दाणा पुरतो ना हो?"

"पुरतो."

"नक्की?"

"अगं, कायदाच आहे तसा. मी आहे ना! उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

सभेत बायकांना मज्जाव होता. पोराला शालीत गुंडाळून डॅमरिस सभागृहाच्या भिंतीबाहेर उभी राहिली. आतून डीकनचा आवाज येत होता. "विष आहे हे! आज एका चुलीपाशी आहे, उद्या घराघरांत शिरेल!" सांगून गेले होते तसेच ते कडक बोलत होते. मग सगळं शांत झालं. लाकडी वाडग्यात दाणे पडू लागले. टक. टक. टक. तिने डोळे मिटून घेतले.

दार उघडलं ते आरडाओरडा घेऊनच.

"बायकोच्या पदराखाली लपलास रे जोथम!" गिरणीवाला ओरडला. "अख्ख्या गावाचा होकार, आणि तुझा एक घेवडा!"

जोथमने मान खाली घातली. "बायको आहे माझी. दुसरं काय करणार होतो मी?"

म्हाताऱ्या विणकराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ओरडू दे त्यांना. छाती लागते याला, पोरा."

जोथमची मान हळूहळू वर आली.

सगळ्यात शेवटी डीकन बाहेर पडले. डॅमरिससमोरून जाताना तिच्याकडे न बघताच खेकसले, "पोराला थंडी लागेल. घरी जा."

सभेचं धान्य वाया घालवायची रीत नव्हती. ज्याच्याबद्दल सभा भरली, त्याच्या घरी ते जाई. सभेच्या राखणदाराने वाडगं तिच्या एप्रनच्या ओच्यात रिकामं केलं. ओचा घट्ट धरून, पोराला कडेवर घेऊन ती नवऱ्याच्या मागोमाग बर्फातून चालत राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला पोटभर हसावंसं वाटत होतं.

"टाक ते कोंबड्यांपुढे," दाराशी पोचताच जोथम म्हणाला.

"थांबा हो, आधी माझा दाणा काढून घेते. वसंतात परड्यात लावीन. पोर मोठं झालं की वेल दाखवून सांगीन, तुझ्या बापानं काय केलं ते."

"कशाला ते कौतुक? टाक म्हणतो ना!"

"लाजताय काय एवढे!" ती हसली आणि ओचा टेबलावर मोकळा केला. दाणे पसरले. ती बोटाने मका बाजूला सारू लागली.

पिवळ्या मक्यात घेवड्याचा दाणा एकच होता. पांढरा.